वनमालाताईच्या खोलीमागचा चर

९ जून, सोमवार

ही डायरी अंधेरीच्या ऑफिसातली. सतरा वर्षं तिथे सिक्युरिटी सुपरवायझर होतो. दर जानेवारीला एक डायरी मिळायची आणि कुंदा ती तिच्या पाककृती लिहायला घ्यायची. यंदाची कोरीच राहिली. आज सकाळी मी गॅसची नळी तिसऱ्यांदा तपासायला गेलो तेव्हा तिने डायरी आणि पेन माझ्यासमोर आपटलं. म्हणाली, "अहो, माझं डोकं खाण्यापेक्षा काय ते यात लिहा."

तर लिहितो. एकतीस मेला रिटायर झालो. त्याच्या आधी चोवीस वर्षं फौजेत, पायदळात. हवालदार लवू घाडी. दोन्ही नोकऱ्या संपल्या, पण पहाटे चारची जाग काही संपली नाही. उठतो आणि करायला काहीच नसतं. बसवत नाही. जेवतानाही माझा एक पाय हलत असतो, असं कुंदा म्हणते.

आज चाळीच्या मागे चक्कर मारली. विक्रोळीला पार्कसाइटच्या टेकडीवर आमची चाळ, एका रांगेत नऊ खोल्या. आम्ही आठ नंबरात. टेकडीची माती अडवायला मागे दगडी भिंत आहे, दोन पुरुष उंच. पहिल्या तीन खोल्यांच्या तर ती मागच्या दारापासून चार पावलांवर. दोन नंबरात माझी थोरली बहीण वनमालाताई राहते, एकटीच. तिच्या खोलीमागे भिंतीला भेग आहे. गेल्या वर्षी तिच्यात नख जात होतं. आज करंगळी गेली.

ताईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, ती भेग माज्या लग्नापासून आसा."

तिचं लग्न झालं तेव्हा ही चाळसुद्धा नव्हती.

११ जून, बुधवार

दशरथ आणि श्यामसुंदर आले होते. आम्ही तिघे फौजेतल्या एकाच कंपनीतले. दशरथ मूळचा साताऱ्याकडचा, आता घाटकोपरला मुलगा-सुनेजवळ असतो. श्यामसुंदर मुलुंडचा. हा फौजेत स्टोअर सांभाळायचा. गैंत्या म्हणजे टिकाव, बेलचे म्हणजे फावडी, तंबू, भांडी, सगळं याच्या ताब्यात. इतकी हत्यारं हातातून गेली, पण एक खड्डा त्याने कधी खणला नाही. म्हणून त्याचं नाव आमच्यात 'स्टोअर'.

कुंदाने चहा ठेवला आणि दशरथने सुरुवात केली. "वहिनी, ह्यो माणूस बेलचा द्यायचा तो असा, जसं काय लेकीची पाठवणी करतोय. धुऊन आणा, तेल लावून आणा, दांड्याला ओरखडा नको. आरं, खणायला द्यायचास का पूजेला?"

"तुम्ही त्याच्यावर पापड भाजायचात," श्यामसुंदर म्हणाला. "परत यायचा तो तव्यासारखा काळा."

"पापड न्हवं लेका, अंडी."

मग हेल्मेटवर गाडी आली. हेल्मेटात आम्ही आंघोळ केली, डाळ शिजवली, ते उलटं ठेवून त्यावर बसून पत्ते खेळलो. डोक्यावर तेवढं कधी धड बसलं नाही. मग एकदा गैंतीचा फाळ दांड्यातून निसटून थेट सुभेदारसाहेबांच्या चहाच्या किटलीत गेला होता, ते निघालं. कुंदाने हे सगळं पंचवीस वेळा ऐकलंय, तरी हसली. मीही खूप हसलो. पण ते दोघे बोलत होते तेव्हा माझं लक्ष भेगेकडे होतं.

शेवटी मी त्यांना मागे नेऊन भेग दाखवली. म्हटलं, भिंतीच्या वर टेकडीला आडवा चर खणू. डोंगराचं पाणी वरच अडवलं की भिंतीपर्यंत येणार नाही. दशरथ त्रेसष्ट वर्षांचा, गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना रोज रडतो. तो म्हणाला, "कधी सुरू करायचं?"

भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली. अंधेरीच्या बिल्डिंगला तडा गेला तेव्हा तिथल्या इंजिनियरने असंच केलं होतं. भिंत केसभर हलली तरी काच तडकते.

१५ जून, रविवार

दशरथने सुनेला आणलं होतं. शर्मिष्ठा तिचं नाव, सिव्हिल इंजिनियर आहे. पोरगी हुशार, पण बूट पांढरेशुभ्र. चिखलात उभं राहून तिने भिंत पाहिली, वर जाऊन जागा पाहिली. म्हणाली, "काका, भिंतीत ही खालची भोकं आहेत ना, पाणी बाहेर पडायची, ती आधी साफ करा. चर खणायचाच तर उथळ खणा, आतून पक्का करा, उतार द्या. पाणी शेवटी कुठे जाणार ते आधी ठरवा. आणि खरं सांगू का, पावसाळाभर या तीन खोल्या रिकाम्या ठेवल्या तर बरं."

मी म्हटलं, "शर्मिष्ठा, तू कॉम्प्युटरवर जितके चर काढले असशील ना, त्याहून जास्त आम्ही हातांनी खणलेत. सियाचीनच्या खाली बर्फ खणलाय, राजस्थानात वाळू खणलीय."

ती हसली. "काका, तिथे पाऊस कुठे होता?"

दशरथला सुनेचा अभिमान आहे म्हणून मी पुढे बोललो नाही. भोकं साफ करू. त्यात काही चुकीचं नाही.

१८ जून, बुधवार

तीन दिवस लिहायला वेळ नाही. हाताला फोड आलेत आणि मला फार दिवसांनी बरं वाटतंय.

श्यामसुंदरने मुलुंडहून दोन फावडी, एक गैंती आणि एक पहार आणली. देताना म्हणाला, "काम झालं की धुऊन, पुसून." दशरथ हसून हसून खाली बसला. आम्ही भिंतीपासून सहा पावलं मागे दोरी ताणून रेघ आखली. दशरथ खणतो, मी माती काढतो, मग उलट. खणायची लय एकदा सापडली की डोकं आपोआप रिकामं होतं. चोवीस वर्षं हेच तर केलं. श्यामसुंदर छत्री घेऊन कठड्यावर बसतो आणि आम्हाला चहा पुरवतो.

आज चाळीतली माणसं बघायला आली होती. एक नंबरातली अक्षता कडेवर पोर घेऊन आली, तीन नंबरातले भाऊ रिक्षा लावून आले. भाऊ म्हणाले, "मामा, हे तर झकास काम झालं." ताई खालून ओरडत होती, "लवू, कंबर सांभाळ रे."

२१ जून, शनिवार

चर पूर्ण. बावीस पावलं लांब, छातीइतका खोल. कडा सुरीने कापल्यासारख्या. तळ इतका सपाट की त्यावर पाण्याचा पेला ठेवला तर कलणार नाही. दर पाच पावलांवर काटकोनात वळण. माती सगळी पुढच्या बाजूला टाकून, थापून, कमरेइतका बांध घातलाय. सुभेदारसाहेब असते तर त्यांनी खोट काढायला काही शिल्लक नव्हतं.

दशरथ आत उतरला, बांधावर कोपर टेकून नेम धरल्यासारखा उभा राहिला आणि ओरडला, "आता येऊ दे कुणाला यायचं ते!" श्यामसुंदरने फोटो काढला. फोटोत मी हसतोय. कुंदाने तो फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "किती दिवसांनी असे दिसलात."

फावडी परत न्यायला श्यामसुंदरने पुढच्या वेळी यायचं कबूल केलंय. मी धुऊन ठेवलीत.

२५ जून, बुधवार

दोन दिवस जोरात पाऊस. दर तासाला वर जाऊन बघतो. चर काम करतोय! डोंगरावरून आलेलं सगळं पाणी त्यात पडतं आणि तिथेच राहतं, थेंब पुढे येत नाही. गुडघाभर साठलंय. दर वर्षी ताईच्या मोरीतून पाणी वर यायचं, यंदा जमीन कोरडी आहे. ताईने मला खोबऱ्याच्या वड्या करून दिल्या.

शर्मिष्ठाला सांगायला पाहिजे. राहू दे, पोरीला उगाच वाईट वाटेल.

२८ जून, शनिवार

भिंतीच्या खालच्या भोकांतून लाल पाणी येतंय. आधी कधी येत नव्हतं. साफ केली म्हणून येत असणार.

काच फुटली आहे. मधोमध. चाळीतली पोरं भिंतीवर चेंडू मारतात, त्यांचंच काम. दुसरी चिकटवली, थोडी वर, जिथे चेंडू लागणार नाही.

अक्षता आणि तिचा नवरा पोराला आणि सासूला घेऊन थोडे दिवस डोंबिवलीला मावशीकडे जायचं म्हणत होते. पाण्याचा आवाज ऐकून तिला झोप लागत नाही. ताईने तिला दारातच थांबवलं. "माजो भाव चोवीस वर्सां मिलटरीत होतो. तेना चर खणल्यान हा. काय एक होवचा नाय." अक्षताने बॅग परत आत नेली. मी तिथेच उभा होतो. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण मग घरी आल्यावर दोन घास कमी गेले. पित्त असेल.

२ जुलै, बुधवार

दुसरी काचही फुटली. तिथपर्यंत चेंडू जात नाही.

ताईचं मागचं दार लागत नाही. ती म्हणते लाकूड फुगलंय.

दशरथचा फोन आला. म्हणाला, "काय हवालदार, मोर्च्यात मासे सोडले का न्हाय अजून?" मोर्चा म्हणजे फौजेतला खंदक. मी त्याला नाही नाही ते बोललो आणि फोन ठेवला. कुंदा म्हणाली, "एवढं चिडायला काय झालं?" तिलाही बोललो. मग वर गेलो, चराच्या कडेला छत्री धरून उभा राहिलो आणि परत आलो. असं आज अकरा वेळा झालं. बघितलं की समाधान व्हायचं, ते आता होत नाही. काय चुकलंय ते कळत नाही. खणण्यात तर काही चूक नाही. पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, सगळं जसं शिकवलं तसंच केलंय.

५ जुलै, शनिवार

आज लिहायलाच हवं.

सकाळी आठला श्यामसुंदर त्याची हत्यारं न्यायला आला. चार दिवसांच्या पावसात फावडी गंजतील म्हणून त्याचा जीव खालीवर. दशरथ पण आला होता, माझी समजूत घालायला. तिघे वर गेलो. पाऊस थांबला होता. चरात कंबरभर पाणी.

श्यामसुंदर म्हणाला, "लवू, एक विचारू? माती सगळी खालच्या बाजूला का टाकली? वर एवढी जागा होती."

दशरथ म्हणाला, "स्टोअर तो स्टोअरच! आरं, मोर्च्याची माती कायम शत्रूच्या बाजूला टाकायची. गोळी आली की मातीत शिरती."

"आणि ही वळणं?"

"बाँब पडला तर एकाच टप्प्यातली माणसं जातात. बाकीची वाचतात."

श्यामसुंदर पुढे वाकला, बांधावरून खाली बघितलं आणि म्हणाला, "पण खाली शत्रू कुठाय? खाली तर वनमालाताई आहेत."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. दशरथ हसायला लागला आणि मधेच थांबला.

मी पाण्याकडे बघितलं. ते कुठेच चाललेलं नव्हतं. प्रत्येक वळणावर अडून उभं होतं. सपाट तळातून ते खाली मुरत होतं, गेले बारा दिवस, भिंतीच्या पाठीत. आणि भिंतीच्या डोक्यावर आम्ही बांध घातला होता, ओल्या मातीचा. चर आम्ही खणलाच नव्हता. लढाईचा मोर्चा खणला होता, आणि तोंड ताईच्या खोलीकडे केलं होतं. पाणी शेवटी कुठे जाणार, एवढंच त्या पोरीने विचारलं होतं.

दशरथने गैंती उचलली. टोकाला फोडून पाणी बाजूला काढू म्हणाला. मी त्याचा हात धरला. आता त्या जागी एक घावसुद्धा नको होता. माती पायाखाली पावासारखी दबत होती. तिघेही खाली पळालो.

एक नंबरचं आणि तीन नंबरचं दार वाजवलं. बाहेर पडा म्हटलं. भाऊ दाढी करत होते. म्हणाले, "मामा, चर आहे ना पण?" अक्षता म्हणाली, "वनमालामावशी निघाल्या का?" ताई हलल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं.

ताई चहा गाळत होती. मी म्हटलं, ताई, चल. ती म्हणाली, "मी खंय जावचंय नाय. तू खणलंस ना? मगे माका कसली भीती?"

मी म्हटलं पाऊस फार झालाय. म्हटलं पालिकेची नोटीस येणार आहे. म्हटलं कुंदाला बरं नाही. तीन खोटी कारणं दिली आणि ती तिन्हीला हसली. माझ्यासाठी कप काढायला लागली. मागच्या दाराच्या फटीतून लाल पाणी आत येत होतं.

मग मी बोललो. "ताई, माजा चुकला. चरातला पाणी भिंतीच्या पाठीत भरला. भिंत पडतली ती माज्यामुळे."

तिने माझ्याकडे बघितलं. आमची आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, तेव्हापासून ही बाई मला ओळखते ती दुसऱ्या कुणापेक्षा जास्त. तिने गॅस बंद केला. कप खाली ठेवला. चपला न घालता बाहेर आली आणि दोन्हीकडे बघून ओरडली, "चला गो बायांनो, भायर पडा. लवू म्हणता भिंत पडतली."

पाच मिनिटांत तिन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. दशरथने अक्षताच्या सासूला पाठीवर घेतलं, त्या गुडघ्यांनी. चौथ्या, पाचव्या खोलीतली माणसंही श्यामसुंदरने बाहेर काढली. दहा वाजून वीस मिनिटांनी भिंत पडली. फार मोठा आवाज झाला नाही. आधी बांधाची माती आली, मग दगड. एक नंबर आणि दोन नंबर पूर्ण गेल्या, तीन नंबर अर्धी.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

६ जुलै, रविवार

ताई आमच्याकडे आहे. माझ्याशी बोलत नाही. कुंदाशी बोलते. मी खोलीत गेलो की भिंतीकडे तोंड करून पडते.

आज पहिल्यांदा चारला जाग आली नाही, कारण झोपच लागली नाही.

१० जुलै, गुरुवार

तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांची सोय तात्पुरती शाळेत केली आहे. काल भाऊ येऊन सांगून गेले, "मामा, उद्या संध्याकाळी शाळेत या. तुमच्यामुळे सगळे वाचले. शाल द्यायची आहे." मी नको म्हटलं, पण तसं जोरात नाही म्हटलं.

दशरथ फोनवर म्हणाला, "घे गप शाल. माणसं वाचली न्हवं? चुकलं ते आपल्या तिघांच्यात राहू दे."  कुंदा विळीवर भेंडी चिरत होती. तिने विचारलं, "घेणार तुम्ही?" मी म्हटलं, लोक प्रेमाने देतायत. तिने भेंडी चिरायची थांबवली नाही.

गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. लहान मुलांच्या बाकांवर सगळे बसले होते, दशरथही. ताईही कुंदाबरोबर आली होती, शेवटच्या बाकावर. भाऊंनी शाल उघडली. मी म्हटलं, थांबा.

काय बोललो ते नीट आठवत नाही. सांगितलं की भिंत पावसाने पडली नाही. पाणी मी साठवलं, माती मी घातली. शिकलेल्या पोरीने सांगितलं होतं ते ऐकलं नाही. दशरथ खाली बघत होता, मग उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. अक्षताने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "मामा, आम्ही डोंबिवलीला निघालो होतो. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नव्हतं. पण त्या दिवशी काच फुटली होती, आणि मी दुसरी लावली."

 भाऊंनी शालीची घडी घातली, पुन्हा पिशवीत ठेवली, आणि पिशवी घेऊन बाहेर गेले. बाकीचेही एकेक करून उठले. मी बाकं सरळ लावत राहिलो.

घरी आलो. कुंदाने पानं घेतली. मी जेवणार नाही म्हटलं. ताई समोर येऊन बसली, पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून. माझ्या ताटात भात वाढला. मी म्हटलं, "ताई, माका..." तिने पुढचं बोलू दिलं नाही.

म्हणाली, "तुज्या शब्दार त्या खोलीत रवलंय, तुज्याच शब्दार भायर पडलंय. आता गप जेव."